आग रामेश्वरी, बंब न्हाणीघरी: तांब्याच्या बंबाची पारख

आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब विकत घेतला की सोबत वापराची पुस्तिका मिळत नाही. दुकानदार तोलून देतो, पैसे मोजून घेतो आणि फार तर "रिकामा पेटवू नका हं" एवढं बजावतो. पूर्वी पुस्तिकेची गरजही नव्हती, ती बोलण्यातच मुरलेली होती. लाकडाला पेट लागला, जाळ झाला, आर पडला, धग राहिली, शेवटी फुफाटा उरला. विस्तवाच्या प्रत्येक पायरीला वेगळं नाव, आणि त्या पायरीला काय करायचं ते नावातच कळायचं. हल्ली या सगळ्याला आपण सरसकट 'आग' म्हणतो. मग नवा बंब घेणारा तासभर लाकडं कोंबत बसतो, न्हाणीघर धुराने भरतं आणि दोष तांब्याच्या माथी जातो.

इथे पारख केली आहे ती हाताने घडवलेल्या, साधारण २० लिटर पाण्याच्या तांब्याच्या बंबाची. स्टीलचे आणि जस्ती पत्र्याचे बंब तुलनेपुरते येतील. निकाल आधीच सांगून टाकतो: अंगण किंवा उघडी पडवी असेल, सुकं सरपण फुकट किंवा स्वस्तात मिळत असेल, तर चांगला बंब जरूर घ्यावा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर घेऊ नये. आणि पॉलिश करून दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभा करायचा असेल, नाहीतर वर काच ठेवून टीपॉय करायचा असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. त्याला कुठलाही बंब चालतो, गळकासुद्धा.

एक तापवतो, एक विझवतो

'बंब' हा शब्द मूळचा पोर्तुगीज, 'बोंबा', म्हणजे पाणी उपसायचा पंप. त्यामुळे मराठीत गंमत होऊन बसली आहे. आग विझवायला घंटा वाजवत धावतो तोही बंब, आणि पोटात विस्तव घेऊन न्हाणीघरात बसतो तोही बंब. "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी" या म्हणीतला बंब पहिला; "बंब पेटवलास का रे?" यातला दुसरा. लालबंब झालेला चेहरा यातल्या कुठल्या बंबावरून आला यावर वाद घालता येईल, लाल दोन्ही असतात.

इंग्रजी 'फायर' एकटाच बरीच कामं उरकतो. मराठीत ती वाटून दिलेली आहेत: गोळी झाडतात, तोफ डागतात, विटा भाजतात आणि माणसाला कामावरून काढतात. पेटवण्याचीही तीच तऱ्हा. चूल पेटवायची, दिवा लावायचा, विडी शिलगावायची, मशाल पाजळायची. दिवा विझवला म्हणत नाहीत, मालवला किंवा शांत केला म्हणतात. बंब मात्र विझू देतात. यातलं 'देतात' महत्त्वाचं आहे, कारण पाणी ओतून बंब विझवला तर काय होतं ते पुढे येईलच.

घेताना काय बघायचं

बंबाची कल्पना साधी आणि फार हुशार आहे. चुलीवर हंडा ठेवला, किंवा गोव्या-कोकणातल्या न्हाणीत चुलीवर बसवलेलं भाण (पाण्याचं मोठं भांडं) असलं, की विस्तव बाहेर आणि पाणी आत. बरीचशी आच बाजूने निसटून जाते. बंबात उलट आहे. पाण्याच्या मधोमध एक उभी नळी जाते आणि विस्तव त्या नळीच्या बुडाशी, जाळीवर असतो. चहूबाजूंनी पाणी. वर जाणारी ऊन हवा नळीची सगळी उंची तापवत जाते, आणि तीच नळी धुराड्यासारखी खालून ताजी हवा ओढून घेते, म्हणून फुंकणी लागत नाही. सरपण नळीच्या वरच्या तोंडातून आत टाकायचं. काही बंबांना खालच्या बाजूला वेगळं तोंडही ठेवलेलं असतं, ते असलं तर बरं, पेटवायला सोपं जातं.

गिऱ्हाइकाची नजर जाते ती अंगाच्या चकाकीकडे. बघायची असते नळी. २० लिटरच्या बंबाला ती साधारण ४ ते ५ इंच रुंद असावी. ३ इंचाची असेल तर ढलपी आडवी अडकते, हवा तुंबते आणि बंब धुमसत राहतो. ६ इंचाची असेल तर जाळ मधून सरळ वर निघून जातो, नळीच्या भिंतीला नीट लागतच नाही, आणि पाण्याची जागाही खाते. नळी आतून हाताने चाचपावी. सांध्याचा उंचवटा किंवा पत्र्याची दुमड आत आलेली असेल तर तिथे काजळी धरते आणि लाकडंही तिथेच अडतात.

जाळी बिडाची हवी. बारीक लोखंडी सळयांची जाळी आराच्या, म्हणजे लाल निखाऱ्यांच्या, तापाने वाकते, आणि मधेच खचली की सगळा विस्तव राखेच्या ताटलीत येतो. सळयांमधली फट करंगळीएवढी: त्याहून कमी असेल तर राख अडकून हवा बंद, जास्त असेल तर अर्धे जळलेले निखारे खाली. जाळी उचलून बाहेर काढता आली पाहिजे. जागीच ठोकून बसवलेली जाळी विकणाऱ्याने स्वतः कधी बंब वापरलेला नसतो, असं खुशाल समजावं.

तोटीच्या जागेवरून कारागिराची पारख होते. ती तळापासून तीन-चार बोटं वर असली पाहिजे. तळाला लावलेली तोटी सगळं पाणी देते म्हणून बरी वाटते, पण मग बंब पूर्ण रिकामा होतो आणि आत आर तसाच धगधगत राहतो. तोटी वर असली की तळाशी थोडं पाणी कायम राहतं आणि नळीचा बुडाकडचा सांधा वाचतो. तोटी पितळेची, चावी फिरवायची घ्यावी. घरातल्या नळाला असतो तसा रबरी वायसर असलेला नळ लावून दिलेला असेल तर तो बदलून मागावा. रबर कडक होऊन एका हिवाळ्यात चिरतं.

पत्र्याच्या जाडीबद्दल दुकानात पुष्कळ बोललं जातं, पण ते ताजव्यावर तपासता येतं. १ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पत्र्याचं वजन एका चौरस फुटाला साधारण ८३० ग्रॅम. सुमारे ११ इंच व्यासाच्या आणि १६ इंच उंचीच्या बंबाला अंग, तळ, माथा आणि नळी धरून साडेसहा चौरस फूट पत्रा लागतो. २० गेजचा पत्रा ०.९ मिलिमीटरचा, म्हणजे नुसतं तांबं ५ किलोच्या आसपास भरायला हवं. ३ किलो भरलं तर पत्रा २४ गेजचा, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून जाड. असा बंब भरून उचलला की कड्यांपाशी पोचतो. तोलताना जाळी, तोटी आणि पाय वेगळे काढायला लावावेत, नाहीतर बिडाचे पैसे तांब्याच्या भावाने जातात.

आता मठार, म्हणजे पत्र्यावर हातोडीने ठोकून उठवलेल्या टिकल्या. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेलं की जो ठोक्यांचा ताल ऐकू येतो तो याच कामाचा. तांब्याला भट्टीत ताव दिला की ते मऊ पडतं, हवं तसं वळवता येतं. मग हातोडीने ठोकत गेलं की पुन्हा कडक होतं. अंगावरच्या त्या चमकत्या टिकल्या नक्षीसाठी काढलेल्या नसतात, त्यांनीच पातळ पत्र्याला ताठपणा येतो. यंत्रावर दाबून उठवलेला नकली मठार ओळखायचा तर टिकल्या नीट बघाव्यात: सगळ्या अगदी एकसारख्या आणि रांगा पट्टी लावल्यागत असतील तर तो साच्याचा. हातचा मठार किंचित सरकतो, सांध्यापाशी दाट होतो.

सांधा दोन प्रकारचा असतो आणि हा प्रश्न दुकानात थेट विचारायचाच: "नळी झाळलेली आहे की डाखलेली?" झाळायचं म्हणजे पत्र्याच्या कडांना दाते पाडून ते एकमेकांत बसवायचे आणि टाकणखार (बोरॅक्स) लावून पितळेच्या रसाने जोड भरायचा. हा जोड ८०० अंशांच्या पुढे वितळतो. डाख कथील आणि शिशाचा. तो १८० ते २३० अंशांतच पातळ होतो. पाणी असेपर्यंत दोन्ही सारखेच, कारण पाण्याला टेकलेला पत्रा १०० अंशांच्या फार वर जात नाही. पाणी संपलं की डाखलेला जोड काही मिनिटांत सुटतो. अंगाचा उभा सांधा डाखलेला असला तर चालेल, नळीचा नको. आणि डाखात शिसं असतं, म्हणून बंबाचं पाणी पिण्याला किंवा स्वयंपाकाला घेऊ नये. आतून कल्हई केलेली नसते, ती आंघोळीच्या पाण्याला लागतही नाही.

घरी आणल्यावर पहिलं काम पेटवायचं नव्हे. काठोकाठ भरून कोरड्या शहाबादी फरशीवर रात्रभर ठेवावा. सकाळी फरशीवर काळसर डाग दिसला तर पाझर आहे. थेंब गळताना दिसत नाही इतका बारीक पाझरही फरशी दाखवते. परत करायचा तो याच वेळी. एकदा आतून काजळी बसली की दुकानदार ऐकत नाही.

पेट, जाळ, आर, फुफाटा

बंब आधी भरायचा, मग पेटवायचा. पाणी झाकणापासून चार बोटं खाली, तापल्यावर ते फुगतं आणि उकळी आली तर बाहेर उसळतं. झाकण नुसतं ठेवायचं, दाबून बसवायचं नाही, वर दगड तर अजिबात ठेवायचा नाही. वाफेला वाट हवी.

जाळीवर मूठभर सुकं सोडण (नारळाची साल) पिंजून किंवा कागदाचे दोन बोळे, त्यावर उभ्या-आडव्या काटक्या, वर एक-दोन करवंट्यांचे तुकडे. काडी खालून लावायची. वरून पेटता कागद टाकला तरी पेटतं, पण आधी धूर तोंडावर येतो. रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नये. अरुंद नळीत त्याची वाफ साठते आणि काडी लावताच भडका थेट वरच्या तोंडातून उडतो, नेमका तिथे जिथून माणूस आत डोकावत असतो.

काटक्यांनी पेट घेतला की ढलप्या. वखारीत 'बंबफोड' म्हणून जे मिळतं ते याच मापाचं: अंगठ्याएवढं जाड, वीतभर लांब. एका वेळी चार-पाच, उभे, एकमेकांना टेकून पण मधे फट ठेवून. नळी दोन-तृतीयांशाच्या वर कधीच भरायची नाही. इथे बहुतेकांचं चुकतं. जास्त लाकूड म्हणजे जास्त जाळ असं वाटतं; प्रत्यक्षात हवेची वाट बुजते, जाळ बसतो आणि पिवळा दाट धूर सुरू होतो. तसं झालं तर फुंकत बसू नये, चिमट्याने दोन लाकडं बाहेर काढावीत. जाळ आपणच उठतो.

जाळ नीट धरला की नळी बोलायला लागते. ढणढण असा एकसुरी घुमणारा आवाज येतो, खालच्या जाळीतून हवा ओढली जाते आणि ताटलीतली राख हलताना दिसते. हाच पाणी तापवण्याचा खरा वेळ, आणि लाकूड घालायचं ते याच वेळात. पाचेक मिनिटांनी पाणी आतून बारीक कण्‌कण्‌ वाजतं: नळीला चिकटलेले बुडबुडे फुटत असतात. अंगावर वरच्या बाजूला हात लावला तर चटका, खालच्या बाजूला कोमट. ऊन पाणी वर चढतं, थंड तळाशी बसतं, आणि जाळीच्या खालचं पाणी तर शेवटपर्यंत गारच राहतं. म्हणून तोटी सोडल्यावर पहिले दोन-तीन तांबे कोमट आले की "तापलंच नाही" म्हणून पुन्हा लाकडं घालायची नाहीत. ते तांबे वरून परत बंबात ओतायचे. पाणी ढवळलं जातं आणि तिसऱ्या-चौथ्या तांब्याला कढत धार येते.

मग जाळ खाली बसतो आणि आर पडतो, म्हणजे लाकडाचा लाल, ज्वाळेवाचून धगधगणारा निखारा. जाळ पाणी तापवतो, आर ते तापलेलं ठेवतो. घरात चार माणसांच्या आंघोळी एकामागून एक व्हायच्या तर कामाचा आरच. एक जण न्हायला की तितकंच थंड पाणी वरून ओतायचं आणि दोन ढलप्या टाकायच्या, पुन्हा पहिल्यापासून पेटवत बसायचं नाही. आर पडल्यावर नळीच्या तोंडावर टोपी अर्धी सरकवून ठेवली तर धग जास्त टिकते. अर्धीच. पूर्ण झाकली की काय होतं ते धोक्याच्या भागात सांगितलं आहे.

शेवटी उरतो तो फुफाटा: वरून पांढरट राख, आत लपलेले इंगळ. "आगीतून उठून फुफाट्यात" ही म्हण ज्याने केली त्याला हा फसवेपणा चांगला माहीत असणार. विझला असं समजून ताटली अनवाणी पायाजवळ ओढणं, किंवा राख प्लॅस्टिकच्या बादलीत भरणं, हे दोन अपघात ठरलेले. राख दुसऱ्या दिवशी सकाळीच काढावी, तीही पत्र्याच्या डब्यात.

लाकूड किती लागतं याचा हिशेब कागदावर मांडता येतो. २० लिटर पाणी २० अंशांवरून ६५ अंशांवर न्यायला साधारण ३.८ मेगाज्यूल उष्णता लागते. सुक्या लाकडातून किलोमागे १५ मेगाज्यूलच्या आसपास निघते. तिच्यातली एक-तृतीयांश पाण्याला लागली असं धरलं तरी पाऊण किलोत काम व्हायला हवं. तेवढ्या कढत पाण्यात तितकंच विसण, म्हणजे गार पाणी, घातलं की ४२-४३ अंशांचं, सोसवेल असं ४० लिटर पाणी होतं, म्हणजे दोन मोठ्या बादल्या. दोन-अडीच किलो लाकूड जात असेल तर ते ओलं आहे, नाहीतर नळी काजळीने भरली आहे.

विसणाबद्दल एक गोष्ट मात्र जुन्या सवयीच्या उलट सांगावी लागेल. रीत अशी की घंगाळात आधी कढत पाणी आणि मग विसण. घरात लहान मूल असेल तर आधी गार पाणी, मग कढत. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, आणि रांगतं मूल घंगाळात हात घालायला विचारत नाही. भाजलंच तर २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं. बर्फ, टूथपेस्ट, शाई यांतलं काही लावायचं नाही.

सरपण

बाभूळ सगळ्यांत चांगली: जाळ बेताचा, आर टणक आणि बराच वेळ टिकणारा. आंब्याचं लाकूड लवकर पेटतं, लवकर संपतं. तुराट्या आणि पऱ्हाट्या (तुरीच्या आणि कपाशीच्या वाळक्या काड्या) पेटवणीपुरत्या. भसकन जळून जातात, आर पडतच नाही. करवंटीचा जाळ भडक आणि तेलकट, तीन-चारच घालाव्यात, नाहीतर काजळी फार. शेणी धुमसतात, अरुंद नळीत त्यांचा उपयोग कमी. काजूची टरफलं नकोत: त्यांतलं चिकाचं तेल उततं, धूर डोळ्यांना आणि कातडीला झोंबतो. प्लायवूड, रंगवलेलं फर्निचर, लॅमिनेटचे तुकडे, दुधाच्या पिशव्या, यांतलं काहीच नको. "बंबात घालायच्या लायकीचं" असं आपण टाकाऊ वस्तूला म्हणतो खरं, पण हल्लीच्या टाकाऊ वस्तूंपैकी फार थोड्या तेवढ्या लायकीच्या उरल्या आहेत.

ओल्या लाकडाचा तोटा दुहेरी आहे. त्यातलं पाणी आधी वाफ होऊन जातं, किलोभर पाण्याला सव्वादोन मेगाज्यूल खाऊन. शिवाय नळी थंड राहते, धूर तिच्या भिंतीवर डांबरासारखा थिजतो. लाकूड सुकं आहे का ते वाजवून बघावं: दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणटण वाजतात, ओल्या असतील तर बद्द.

बिघडतं ते इथे

रिकामा पेटवणं ही पहिली आणि सगळ्यांत महाग चूक. तांबं १०८५ अंशांना वितळतं, म्हणून नळी जागेवर दिसते, पण डाख गेलेला असतो. शिवाय ताव बसून मठारलेला पत्रा मऊ पडलेला असतो. चुकून तसं झालं तर लगेच थंड पाणी ओतू नये. तापलेला पत्रा एकदम आकसतो आणि उरलेले सांधेही उकलतात, वर वाफेचा फवारा तोंडावर. विस्तव चिमट्याने काढून घ्यावा, बंब आपोआप निवू द्यावा, मग पाणी भरून पाझर बघावा. नळीत पाणी ओतून बंब विझवू नये तो याच कारणासाठी, आणि शिवाय गरम राखेचा लोट उडतो म्हणूनही.

बोअरचं पाणी असेल तर वर्षभरात नळीवर पांढरी खपली धरते. ओळख अशी की तेवढ्याच लाकडात पाणी उशिरा तापतं आणि आतून खडखड ऐकू येते. १० लिटर ऊन पाण्यात पाव किलो लिंबूसत्त्व विरघळवून दोन तास ठेवावं, मग ओतून दोनदा खळबळून घ्यावं. खपली सळईने खरवडू नये, सांधा उचकटतो. नळीच्या आतली काजळी पंधरा दिवसांनी काथ्याच्या कुंच्याने झाडायची.

बाहेरून चिंच आणि मीठ, नाहीतर पितांबरी. काहीही वापरा, पण लगेच धुऊन कोरड्या फडक्याने पुसा. चिंचेचा आंबूसपणा सांध्यात राहिला की तिथे हिरवं चढतं, तांबं कळकतं. नरकचतुर्दशीला बंब घासून, हळदीकुंकू लावून, फुलांची माळ घालतात तेव्हा ती माळ पेटवायच्या आधी उतरवायची असते हे वेगळं सांगायला नको. तरी दर दिवाळीला कुठे ना कुठे झेंडू भाजल्याचा वास येतोच.

धूर थांबला की सावध

बंब बंद न्हाणीघरात पेटवायचा नाही. धूर होतो तेव्हा माणूस खोकतो आणि स्वतःच दार उघडतो. खरा धोका आर पडल्यावर. धूर थांबलेला, खोली उबदार, आणि निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो: रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळाठतात, आणि हे सगळं ऊन पाण्याने आलेली सुस्ती वाटतं. नळीचं तोंड पूर्ण झाकलं की हा वायू आणखी वाढतो. बंब पडवीत पेटवावा, पाणी बादलीने आत न्यावं. न्हाणीघरातच बसवायचा तर समोरासमोर दोन झरोके हवेत, एक खाली आणि एक छपराशी, आणि ते थंडी वाजते म्हणून बोळे कोंबून बंद करायचे नाहीत. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरलाही हाच नियम लागू.

बंबाच्या वर कपड्यांची वलणी नको, पीव्हीसीचा पाइप नको. नळीतून ठिणग्या उडतात. एवढं करूनही काही भडकलंच, तर तो दुसरा बंब बोलावायला १०१.

स्टील, जस्त आणि भिंतीवरचा गीझर

तांबं उष्णता स्टीलपेक्षा पंचवीसपट चांगली वाहून नेतं, असं विकणारे सांगतात. ते खरं आहे, आणि इथे फारसं उपयोगाचं नाही. पत्रा इतका पातळ असतो की उष्णता त्यातून जायला वेळ लागतच नाही. ती अडते जाळाकडून पत्र्याकडे येताना. सारख्या नळीचा, सारख्या मापाचा स्टीलचा बंब जवळपास तेवढ्याच वेळात पाणी तापवतो. तांब्याचं मोल वेगळं आहे: फुटलं तर पुन्हा सांधता येतं, पोचलं तर ठोकून काढता येतं, आणि दोन पिढ्यांनीही त्याचे पैसे येतात. स्टीलचा बंब वेल्डिंगपाशी गळायला लागला की गावातला कारागीर हात लावत नाही. जस्ती पत्र्याचा स्वस्त, पण जस्त गेलं की गंज धरतो, आणि मग तळ हातात येतो.

स्टीलच्या काही बंबांत वरून नरसाळ्यातून थंड पाणी ओतलं की ते तळाशी जातं आणि तेवढंच ऊन पाणी वरच्या तोंडातून बाहेर पडतं. रचना छान आहे, पहिला तांब्या कोमट येण्याची भानगडच नाही आणि बंब कधी रिकामाही होत नाही. मात्र त्या बाहेरच्या तोंडाला नळ बसवायचा नाही. टाकीचं पाणी थेट जोडून वर नळ बंद केला तर वाफेला वाट उरत नाही आणि बंब फुटतो. प्लंबर हे हौसेने करून देतात, त्यांना हात जोडून थांबवावं.

विजेच्या गीझरला तेवढ्याच पाण्यासाठी साधारण १ युनिट लागतं. म्हणजे लाकूड विकत आणून बंब पेटवणाऱ्याने बचतीची भाषा करू नये. ज्याच्या आवारात नारळ, आंबा, बाभूळ आहे, किंवा जिथे पहाटेची वीज बेभरवशाची आहे, त्याच्यासाठी हिशेब वेगळा.

भाव आणि मोड

बंब किलोच्या भावाने मिळतो: तांब्याचा त्या दिवसाचा दर आणि वर घडणावळ. दोन्ही पावतीवर वेगवेगळी लिहून घ्यावीत. घडणावळीत घासाघीस करायची तर झाळकाम आणि जाळी यांवर नको, पॉलिशवर करावी. ते आठ दिवसांत काळं पडणारच असतं. जुना बंब मोडीत घालून नवा घ्यायचा असेल तर आधी तो जाणत्या तांबटाला दाखवावा. नळी शाबूत असून तळच गेला असेल तर नवा तळ बसवून मिळतो, आणि जुन्या जाड पत्र्याचा बंब नव्या पातळ बंबाहून केव्हाही सरस. मोडीतच द्यायचा ठरला तर खपली काढून, कोरडा करून, आपल्यासमोर तोलून द्यावा, आणि बिडाची जाळी काढून घरी ठेवावी. नव्या बंबाला सहसा तिच्याइतकी चांगली जाळी येत नाही.